पाण्यात उतरलेले तेल : भंडाऱ्यातील एका निदानाची कुळकथा

२०२३ च्या उन्हाळ्यात माझ्या एका स्नेह्यांच्या मोटारीच्या रेडिएटरचे झाकण उघडले, तेव्हा आत पाणी दिसलेच नाही. गुलाबाचे सरबत घातलेल्या लस्सीसारखा घट्ट, गुलाबी साका तोंडापर्यंत आला होता. बोटाला लागला तो साबणाने तीनदा धुतला तरी निघेना. हा लेख त्या साक्याविषयी आहे. त्याचे कारण शोधताना मला एका यंत्राचा, एका तेलाचा आणि आमच्या गावच्या पितळेचा इतिहास एकमेकांत अडकलेला सापडला. त्याआधी माझ्या हातून एक चूक झाली होती, तिची नोंदही इथे करणे मला आवश्यक वाटते.

माझा व्यवसाय छपाईचा. मोटारविद्या मी कुठे शिकलेलो नाही, आणि इतिहासही नाही. भंडाऱ्याच्या भांडी व्यवसायाची हत्यारे, हिशेबाच्या वह्या आणि जुन्या पावत्या गोळा करणे हा माझा वीस वर्षांचा नाद आहे. मोटारीचे मालक निवृत्त शिक्षक. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही म्हणतो. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांचा डावा पाय अधू आहे. क्लच दाबणे त्यांना शक्य नाही. म्हणून १९९९ साली, फंडातले पैसे काढून, त्यांनी ऑटोमॅटिक गिअरची गाडी घेतली. त्या काळी आमच्या भागात अशा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. लोकांसाठी ती हौस होती. गुरुजींच्या बाबतीत तो पाय होता. शाळेत, बँकेत, साकोलीला लेकीकडे, नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ते कुणाला 'सोडतोस का' असे न विचारता जाऊ लागले, ते त्या गाडीमुळे.

पाण्यात तेल आले म्हणून गाडी नागपूरच्या एका गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रीने साका पाहिला आणि निकाल दिला : हेड गॅस्केट गेले. इंजिन उघडावे लागेल, हेड फेसिंगला पाठवावे लागेल, तडा असेल तर हेडच बदलावे लागेल. खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या वर जात होता. गाडी चोवीस वर्षांची. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाले होते. पुढचे नूतनीकरण २०२४ मध्ये येणार होते. हा सगळा हिशेब मांडून मीच गुरुजींना म्हणालो, "गुरुजी, भंगारात द्या. आता तिच्यात काही राहिलं नाही."

गुरुजी काही बोलले नाहीत. फक्त किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली. ती त्यांनी तशी ठेवली नसती, तर मी पुढचा शोध घेतला नसता.

गिअरचे तेल पाण्याशेजारी आले कसे?

पहिला प्रश्न साधा होता. गिअरबॉक्स आणि रेडिएटर यांचा संबंध काय? आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो काहीच नसतो. इंजिनाचे पाणी इंजिनात आणि रेडिएटरमध्ये फिरते. गिअरबॉक्सचे तेल गिअरबॉक्समध्ये असते. ही दोन घरे वेगळी आहेत.

ती एका भिंतीने जोडली गेली, ती ऑटोमॅटिक गिअरमुळे. जनरल मोटर्सने १९३९ च्या अखेरीस, १९४० सालच्या ओल्ड्समोबिल मोटारींसाठी, 'हायड्रामॅटिक' नावाचा गिअरबॉक्स बाजारात आणला. मोठ्या प्रमाणावर तयार झालेला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हा पहिलाच. त्यात पायाने दाबायचा क्लच नव्हता. इंजिनाची फिरकी तेलाच्या माध्यमातून पुढे जात होती. एक पंखा तेल ढकलतो आणि समोरचा पंखा त्या तेलाच्या माऱ्याने फिरतो, अशी साधारण कल्पना. १९४८ मध्ये ब्युइकने 'डायनाफ्लो' आणला. त्यात याच तत्त्वावर चालणारा टॉर्क कन्व्हर्टर होता.

दुसरे महायुद्ध संपल्यावर पाय गमावलेले हजारो सैनिक अमेरिकेत परतले. १९४६ साली तिथल्या संसदेने अशा सैनिकांना मोटारीसाठी १६०० डॉलरपर्यंत मदत देण्याची तरतूद केली. क्लच नसलेली मोटार हा अनेकांसाठी पुन्हा स्वतःच्या मर्जीने घराबाहेर पडण्याचा मार्ग ठरला. हे वाचले तेव्हा गुरुजींची किल्ली मला पुन्हा आठवली. चैन म्हणून ओळखल्या गेलेल्या या यंत्राचा दुसराही एक वंश आहे, आणि त्या वंशात आमचे गुरुजी बसतात.

पण तेलाने फिरकी पोचवायची तर तेल घुसळले जाते, आणि घुसळले की तापते. चढावर, गर्दीत, ओझे घेऊन चालताना टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरीच शक्ती नुसती उष्णता होऊन जाते. तेल फार तापले की ते जळते, त्याचे गुण जातात आणि आतल्या क्लचच्या पट्ट्या घसरू लागतात. म्हणून तेल थंड करणे भाग पडले. समोरच रेडिएटर होता. त्यातून थंड झालेले पाणी ज्या टाकीतून इंजिनाकडे परतते, त्या टाकीत एक लहान नळी बसवली. नळीच्या आतून गिअरचे तेल, बाहेरून पाणी. तेलाची उष्णता पाणी घेऊन जाते. शिवाय थंडीच्या सकाळी हेच पाणी तेलाला लवकर ऊबही देते. युक्ती नामी होती, अनेक दशके टिकली, आजही कित्येक गाड्यांत आहे. मात्र तिची किंमत एवढीच की दोन परके द्रव आता एका पातळ पत्र्याच्या अंतरावर राहू लागले. भिंत शाबूत आहे तोवर संसार सुखाचा.

भंडाऱ्याच्या रस्त्यावरचे शहाणपण

मग नागपूरच्या मिस्त्रीला हे का सुचले नाही? त्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे होते. मी काही दिवस तेच केले. पुढे लक्षात आले की त्याचे निदान अज्ञानातून आलेले नव्हते. ते दुसऱ्या एका यंत्रावर शिकलेल्या पक्क्या ज्ञानातून आले होते.

आपल्याकडचा मोटारींचा इतिहास पाहा. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जोडायला सुरुवात केली आणि १९५४ मध्ये ते काम बंद झाले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला डॉज, डिसोटो, प्लिमथ या अमेरिकी गाड्या जोडल्या. त्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे देशाच्या रस्त्यांवर मुख्यतः अॅम्बेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड याच गाड्या राहिल्या. तिन्ही हाताने गिअर टाकायच्या. ऑटोमॅटिक गाड्या सामान्य खरेदीदाराच्या आवाक्यात येऊ लागल्या त्या १९९० नंतर, आणि त्याही मोठ्या शहरांत.

आमच्या जिल्ह्याचे तर गिअरबॉक्सशी जवळचे नाते आहे. भंडाऱ्याहून साकोलीकडे जाताना महामार्गावर गडेगाव लागते. तिथे १९८२ पासून अशोक लेलँडचा कारखाना आहे आणि त्याचे मुख्य काम गिअरबॉक्स बनवणे हेच. देशभर धावणाऱ्या कितीतरी ट्रक-बसच्या पोटात भंडारा जिल्ह्यात घडलेले दाते फिरतात. पण हे गिअरबॉक्स हाताने चालवायचे, सिंक्रोमेश पद्धतीचे. त्यांतले तेल तळाशी साठलेले असते. दाते फिरताना ते वर उडते आणि सगळ्यांना लागते. मिस्त्री ज्याला 'नव्वद नंबर' म्हणतात ते हे जाड, उग्र वासाचे तेल. त्याला रेडिएटरकडे जायचे कारणच नाही.

नागपूर–रायपूर हा महामार्ग, पूर्वीचा सहा आणि आताचा त्रेपन्न क्रमांकाचा, हीच इथल्या मिस्त्र्यांची शाळा. त्या शाळेत तीन पिढ्यांनी ट्रक उघडले. ट्रकच्या पाण्यात तेल दिसले तर ते इंजिनाचे असणार, हा नियम अनुभवाने तयार झाला : एक तर हेड गॅस्केट गेले, किंवा हेडला तडा गेला, किंवा इंजिन ऑइलचा कूलर फुटला. 'पाण्यात तेल म्हणजे हेड उतरवा' हे सूत्र त्या यंत्रासाठी अगदी बरोबर होते. ते पुढच्या पिढीने जसेच्या तसे उचलले आणि पाण्याशेजारी दोन तेले असलेल्या गाडीला लावले. सूत्र खोटे नव्हते. गाडी वेगळी होती.

इतिहासाच्या अभ्यासात आम्हा हौशी लोकांची हीच चूक होते. एका गावच्या वहीवरून शिकलेला अर्थ आपण दुसऱ्या गावच्या वहीवर चढवतो. मी जेव्हा 'भंगारात द्या' म्हणालो, तेव्हा मीही वही न उघडता निकाल दिला होता.

जमाखर्च

त्यानंतर मी जे केले ते माझ्या ओळखीच्या पद्धतीने. जमाखर्च मांडला. पाण्याच्या खात्यात तेल जमा झाले आहे, तर ते कोणाच्या तरी खात्यातून वजा झालेच पाहिजे.

आधी इंजिनाच्या तेलाची डिपस्टिक काढली. पातळी बरोबर, रंग काळपट, ताकासारखा फेस कुठेच नाही. तेवढ्याने हेड गॅस्केट निर्दोष ठरत नाही, कारण कधीकधी तेल पाण्यात जाते पण पाणी तेलात येत नाही. तरी संशय थोडा हलला. मग गिअरबॉक्सची डिपस्टिक काढली. त्या गाडीत ती असते, हेही मला पुस्तिकेतून कळले. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी गरम करून, सपाट जागी पातळी पाहिली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होते. गाडीखाली रोज पुठ्ठा टाकून पाहिला, थेंब नाही. तेल कमी झाले, पण जमिनीवर पडले नाही. मग गेले कुठे?

पुढची चाचणी शाळकरी होती. छापखान्यातल्या शाईशोषक कागदावर साक्याचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवला. सकाळी मधे मळकट ठिपका, त्याभोवती पाण्याची कडा आणि त्या दोहोंच्या मधे स्पष्ट तांबडे कडे उमटले होते. शेजारी इंजिनाच्या तेलाचा थेंब टाकला होता. त्याचे कडे तपकिरी-काळे. ऑटोमॅटिक गिअरच्या तेलात बहुधा तांबडा रंग मुद्दाम घातलेला असतो, गळती झाली तर कोणते तेल गळते हे ओळखता यावे म्हणून. मात्र सावध राहायला हवे. हल्ली कित्येक कूलंटही तांबडे किंवा गुलाबी असतात. नुसत्या रंगावर विश्वास ठेवला तर चांगल्या कूलंटलाच गळती समजण्याची वेळ येते. गुरुजींच्या गाडीत कूलंट कधी घातलेच नव्हते. अंगणातल्या विहिरीचे पाणी होते. त्यामुळे त्या तांबड्याला दुसरा बाप नव्हता.

शेवटी इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का ते पाहिले. गॅस्केट फुटून ज्वलनाचा वायू पाण्यात शिरत असेल तर ते सतत येतात. आले नाहीत. गावातल्या मिस्त्रीकडून चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून घेतले. चारही जवळपास सारखे. खात्याची बेरीज जुळली : पाण्यातले तेल गिअरबॉक्सचे होते आणि ते रेडिएटरमधल्या त्या नळीतूनच आले असणार. इंजिन उघडायची गरज नव्हती. आता भिंत पाहायची होती.

पितळेची साक्ष

भंडाऱ्याला पितळेचे गाव म्हणतात. गावाचे नाव 'भाणा' या पितळी ताटाच्या शब्दावरून आले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, गावातल्या काही गल्ल्यांत हातोड्यांचा आवाज माझ्या लहानपणी दिवसभर असे. मग स्टील आले आणि आवाज विरळ होत गेला. ज्यांच्या हाताला धातू कळत होता त्यांनी त्या हातांना दुसरे काम शोधले. मला माहीत असलेले एक काका, आता सत्तरीचे, तांबटाच्या घरातले. ते रेडिएटर दुरुस्त करतात. जुना रेडिएटर म्हणजे तांब्या-पितळेचेच भांडे आहे, फक्त त्यात स्वयंपाक होत नाही. १९८० नंतर अॅल्युमिनियमचे कोर आणि प्लॅस्टिकच्या टाक्या वाढल्या. गुरुजींच्या गाडीचा मूळ रेडिएटर मात्र कधीतरी बदलून तांब्या-पितळेचा बसवलेला होता, त्यामुळे तो काकांच्या पंक्तीतला निघाला.

काकांनी रेडिएटर उतरवला. तेलाच्या दोन तोंडांपैकी एकाला बूच मारले, दुसऱ्याला हवेची नळी लावली आणि सगळे धूड पाण्याच्या हौदात बुडवले. हवा हळूहळू सोडली. पाण्याच्या बाजूच्या तोंडातून बुडबुड्यांची एक बारीक, न थांबणारी माळ वर आली. भिंत फुटली होती, हे त्या माळेने सांगितले. नागपूरला पंधरा दिवस पडलेल्या गाडीचा निकाल हौदापाशी दहा मिनिटांत लागला.

काकांनी खालची टाकी डाख वितळवून उघडली. आतली पितळी नळी बाहेर काढून उन्हात धरली. तोंडाजवळचा भाग पिवळा नव्हता. तांबूस होता आणि नखाने खरवडला तर भुसभुशीत लागत होता.

"भाऊ, हे पितळ आता पितळ राह्यलंच नाही जी," काका म्हणाले. "जस्त पान्यात गेलं, नुसतं तांबं उरलं. जुन्या घागरीचं बूड असंच होते. खाऱ्या पान्याची घागर असंल तर लवकर होते."

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. क्षारयुक्त, गरम पाण्याच्या सतत संगतीत त्यातले जस्त आधी झिजून निघून जाते आणि मागे सच्छिद्र तांब्याची जाळी उरते. धातुशास्त्राच्या पुस्तकांत या प्रकाराला स्वतंत्र नाव आहे. काकांना ते नाव ठाऊक नव्हते, पण घागरीचे बूड ठाऊक होते. आमच्या बायका पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंच ठेवत नाहीत, कल्हई उडाली की कल्हईवाल्याची वाट पाहतात, ती याच जातीच्या शहाणपणाने. आंबट पदार्थ पितळेला खातो; मधे कथलाचा पातळ थर असेल तर भांडे आणि अन्न दोन्ही वाचतात. मोटारीच्या कूलंटमध्ये गंजरोधक द्रव्ये असतात, तीही एका अर्थाने कल्हईच. गुरुजींनी चोवीस वर्षे विहिरीचे पाणी घातले. कल्हई नसलेल्या भांड्यात चोवीस वर्षे कढी उकळत ठेवल्यासारखे झाले.

देवमाशाच्या तेलाची गोष्ट

ही भिंत फक्त पाण्याच्या बाजूने खाल्ली जाते असे नाही. तेलाच्या बाजूनेही ती एकदा मोठ्या प्रमाणावर खाल्ली गेली होती. ती हकीकत वाचकांना नवल वाटेल अशी आहे.

जनरल मोटर्सने १९४९ मध्ये ऑटोमॅटिक गिअरच्या तेलासाठी 'टाइप ए' नावाचे पहिले मानक ठरवले. या तेलाकडून परस्परविरोधी कामे अपेक्षित होती. दाते व बेअरिंग घसरायला हवेत, पण क्लचच्या पट्ट्या योग्य क्षणी, धक्का न देता पकडायला हव्यात. हा तोल साधण्यासाठी त्यात स्पर्म देवमाशाचे तेल मिसळले जाई. उष्णतेत टिकणारे, धातूला धरून राहणारे असे दुसरे स्वस्त द्रव्य तेव्हा हाताशी नव्हते. मुंबईच्या रस्त्यांवरून एखादी क्लच नसलेली अमेरिकी मोटार जात असेल, तर तिच्या गिअरबॉक्समध्ये महासागरातल्या एका प्राण्याचा अंश असण्याची शक्यता होती.

१९७० साली अमेरिकेने स्पर्म देवमाशाचा समावेश संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत केला आणि त्याच्या तेलाची आयात थांबली. निर्णय योग्यच होता. पण तेल बनवणाऱ्यांना घाईने पर्याय शोधावा लागला. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात देवमाशाच्या तेलाविना 'डेक्स्रॉन-२' प्रकारचे तेल आले, आणि त्याच्या 'सी' या आवृत्तीने नवेच दुखणे आणले. ते रेडिएटरमधल्या कूलरच्या डाखाला खाऊ लागले. जोड सुटले, तेल आणि पाणी एकत्र आले. मग सुधारित 'डी' आवृत्ती काढावी लागली. समुद्रातला एक प्राणी वाचवण्यासाठी तेल बदलले, बदललेल्या तेलाने कथील-शिशाचा जोड खाल्ला आणि त्याचे परिणाम एखाद्या डेट्रॉइटच्या गॅरेजात गुलाबी साका होऊन दिसले. हे मी काकांना सांगितले. ते नळी पुसत म्हणाले, "म्हनजे कल्हई बी पाहून लावा लागते. कोनत्या भांड्यात काय शिजनार हाये, ते आधी इचारा लागते."

माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा गाभा त्यांच्या वाक्यात आला. भिंतीचा दोष शोधायचा तर भिंतीच्या दोन्ही बाजूंना काय होते ते विचारले पाहिजे.

पाणी उलट गेले का?

गळती सापडली, पण गुरुजींचा खरा प्रश्न अजून बाकी होता. गिअरबॉक्स वाचला आहे का?

याचे उत्तर दाबात आहे. गाडी चालू असताना कूलरमधल्या तेलाचा दाब बहुधा पाण्याच्या दाबापेक्षा जास्त असतो, म्हणून तेल पाण्यात जाते. इंजिन बंद केले की तेलाचा पंप थांबतो आणि तेलाचा दाब लगेच शून्यावर येतो. तापलेल्या पाण्याचा दाब मात्र बंद झाकणाखाली बराच वेळ टिकतो. त्या काळात प्रवाह उलटतो. पाणी तेलात शिरते. म्हणजे चालू गाडीत पाणी बिघडते आणि उभ्या गाडीत गिअरबॉक्स. ऑटोमॅटिकच्या आतल्या क्लचच्या पट्ट्यांवर घर्षणाचा थर चिकटवलेला असतो. पाणी आणि ग्लायकॉल त्या चिकटीला सोडवतात, पोलाद गंजते. एकदा थर सुटू लागला की गिअरबॉक्स उघडण्याशिवाय उपाय राहत नाही. म्हणून असा साका दिसताच गाडी चालू करून 'बघू तरी' म्हणणे हे सर्वांत महागडे कुतूहल ठरते. नागपूरला ती किती वेळा चालू-बंद झाली असेल, याचा विचार करून मला झोप येत नव्हती.

गिअरबॉक्सचे थोडे तेल वाटीत काढले. रंग अजून पारदर्शक तांबडा होता. दुधाळ असता तर आशा सोडावी लागली असती. मग मोकळ्या अंगणात, सगळ्यांना दूर उभे करून, तापलेल्या जुन्या तव्यावर चमच्याने एक थेंब टाकला. कोरडे तेल नुसते धुरकटते. पाणी असेल तर ते तडतडते. आम्ही कान देऊन उभे होतो. गुरुजी पडवीत खुर्चीवर होते. थेंब पडला आणि एकदाच, अगदी हलके, तडतडला.

थोडे पाणी गेले होते. किती, ते तवा सांगत नाही.

मग जे करता येण्यासारखे होते ते केले. तेल काढून नवे घातले, तेही पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रकारचे. थोडे चालवून पुन्हा काढले, पुन्हा घातले, असे तीनदा. तव्यावरचा तिसरा थेंब मुका निघाला. इंजिनाच्या पाण्याच्या वाटा साबणाच्या पाण्याने धुतल्या, पाणी नितळ येईपर्यंत. तेलाने फुगून मऊ पडलेले रबरी पाइप बदलले, कारण पाण्यासाठी बनवलेल्या रबराला तेल सोसत नाही. काकांनी टाकी पुन्हा डाख देऊन बंद केली, पण आत नळी बसवली नाही. गिअरच्या तेलासाठी रेडिएटरच्या पुढे हवेवर थंड होणारा स्वतंत्र कूलर लावला. आमच्याकडच्या उन्हात आणि गुरुजींच्या वेगात तो पुरतो. विहिरीच्या पाण्याऐवजी कूलंट घातले. दोन द्रवांची घरे पुन्हा वेगळी झाली, ऑटोमॅटिकच्या आधी होती तशी. सगळा खर्च नागपूरच्या आकड्याच्या चौथ्या हिश्श्यात झाला.

गिअरबॉक्स पूर्ण बरा झाला असे मी म्हणणार नाही. कधीकधी गिअर बदलताना गाडी किंचित थरथरते. तो थर किती सुटला आहे, हे उघडल्याशिवाय कळणार नाही आणि उघडण्याची ऐपत नाही. गुरुजी म्हणतात, "माझाही पाय थरथरतो. आम्ही दोघं जमवून घेऊ." २०२४ मध्ये गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण झाले. ५००० रुपये त्यांनी स्वतः, स्वतःच गाडी चालवत जाऊन भरले.

नागपूरच्या त्या मिस्त्रीला मी नंतर फोन केला. हिणवायला नाही. तेल कुठून आले होते ते सांगितले. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "दादा, ट्रकमधे असं नसते ना." बरोबरच होते त्याचे. मी त्याला हौद, हवेची नळी आणि शाईशोषक कागदाचा प्रयोग सांगितला. त्याने तो लिहून घेतला, की नुसते हो म्हटले, हे मला ठाऊक नाही.

काकांनी ती जुनी नळी मला दिली. माझ्या संग्रहात भंडाऱ्याच्या घागरी, ताटे, कल्हईची भांडी, नवसागराचा डबा हे सगळे आहे. त्याच फळीवर ती ठेवली आहे. शेजारी चिठ्ठी लिहिली : 'मोटारीच्या गिअरच्या तेलाची पितळी नळी. एका बाजूने तेल, दुसऱ्या बाजूने विहिरीचे पाणी. चोवीस वर्षे.' भांडी पाहायला येणारे विचारतात, हे भांडे कशाचे? मी नळी त्यांच्या हातात देतो आणि तांबूस झालेल्या भागावरून नख फिरवायला सांगतो.